आमच्या घराची उंची मोजता, मग तुमचा आवाज कोण मोजणार?

माझ्या मावशीच्या घराला वरचा मजला नाही. का नाही, ते आधी सांगते.

मावशीचं घर एका लष्करी विमानतळाच्या कुंपणापासून दोन किलोमीटरच्या आत आहे. गावाचं आणि तळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका तळाचं गाऱ्हाणं नाही. ग्वाल्हेरच्या महाराजपुऱ्यात मिराज आहेत, पुण्याच्या लोहगावला सुखोई आहेत, गोव्यात दाबोळीला नौदलाची मिग-२९ के आहेत. या प्रत्येक धावपट्टीच्या आसपास आपली माणसं राहतात. आपल्यातल्या अनेकांची मावशी, आत्या, काका कुठल्या ना कुठल्या तळाच्या कुंपणाजवळ आहेतच.

तर काकांनी वर दोन खोल्या काढायचं ठरवलं. विमानतळाजवळ घर म्हणजे ना हरकत दाखला लागतो. सर्व्हेवाला आला, तिपाई लावली, अक्षांश-रेखांश घेतले, समुद्रसपाटीपासून जागेची उंची काढली. वर पाण्याची टाकी किती उंच बसणार ते विचारलं. परसातल्या माडाकडेही बघून घेतलं. मग फाइल फिरत राहिली. दीड वर्ष झालं, काकांनी नाद सोडला आणि ते पैसे ताईच्या लग्नात गेले.

यात मला फार तक्रार नाही. विमान उतरताना वाटेत काही आडवं येता कामा नये, हे कुणालाही पटेल. २०१५ चे केंद्राचे उंचीचे नियम आहेत, नागरी आणि लष्करी दोन्ही विमानतळांना लागू आहेत. अडथळा ठरणारी इमारत किंवा झाड काढायला लावण्याचे नियम १९९४ पासून आहेत. पायलटचा जीव मोलाचा आहे, म्हणून आमच्या टाकीची आणि माडाची उंची मोजली जाते. बरोबरच आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे की, विमानासाठी आमचं घर मोजता, मग आमच्यासाठी विमानाचा आवाज कोण मोजतो?

गेल्या फेब्रुवारीत मी पंधरा दिवस तिथे होते. मावसभावाची बारावी तोंडावर आलेली, आणि ताई सात महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आलेली. सकाळी साडेनऊच्या सुमाराला पहिली जोडी उठायची. ज्यांनी लढाऊ विमान फक्त सव्वीस जानेवारीला टीव्हीवर बघितलंय त्यांना कसं सांगू? तो आवाज कानाला नंतर लागतो, आधी छातीत बसतो. कपाटातली भांडी वाजतात. बाळ रडत नाही, आधी दोन्ही हात फाकवून ताठ होतं, मग रडतं. बोलणारा माणूस वाक्याच्या मधेच थांबतो, आवाज गेला की पुढचा शब्द उचलतो. त्या घरात सगळेच असं बोलतात, आणि आपण असं बोलतो हे त्यांना माहीतसुद्धा नाही. मी मोबाईलवर डेसिबलचं अ‍ॅप लावलं, काटा नव्वदीच्या पुढे गेला. मोबाईलचा आकडा हा काही पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण खरं यंत्र घेऊन तिथे कुणीच येत नाही, तेव्हा माणूस मोबाईलच काढणार की.

मावशीला विचारलं, त्रास होत नाही? ती म्हणाली, "सवय झालीय गं."

या वाक्याशी माझं भांडण आहे. सवय होते ती तक्रार न करण्याची. शरीराला तशी सवय होत नाही. झोपेतला माणूस जागा झाला नाही तरी आवाजाने त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, आणि वर्षानुवर्षं तिथे राहूनही हे पूर्ण थांबत नाही. मुलांचं तर विचारूच नका. जर्मनीत म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला आणि नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना आधी आणि नंतर तपासलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्या मुलांचं घसरलं. तिथली विमानं तर साधी प्रवासी होती. मावसभावाला बारावीत कमी मार्क पडले तर सगळे म्हणतील पोरगं मोबाईलवर असतं. विमानाचं नाव कुणी घेणार नाही.

परत आल्यावर हे सगळं मी आजोबांना सांगितलं. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. मला वाटलं आता ओरडतील, फौजेबद्दल असं बोलतेस म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही रेंजवर फायर करायच्या आधी लाल झेंडा लावायचो. आसपासच्या गावांना कळवल्याबिगर फायर नाही. गुरं आत दिसली तर फायर बंद. त्यात काय कमीपणा होता की?"

त्यांच्या त्या लाल झेंड्याने माझा विषय मला नीट समजला.

तो झेंडा नुसती रीत नाही. त्याच्यामागे १९३८ चा कायदा आहे. लष्करी सराव, मैदानी गोळीबार आणि तोफांचा सराव यासाठीचा. इंग्रजांच्या काळातला, गुलाम प्रजेसाठी केलेला. तरी त्यातसुद्धा लिहिलंय की सरावाची जागा आधी जाहीर करायची, लोकांना नोटीस द्यायची, आणि सरावाने नुकसान झालं तर भरपाई द्यायची. संरक्षणाच्या कामांभोवती बांधकामाला बंदी घालणारा १९०३ चा कायदा आहे, त्यातही भरपाईची तरतूद आहे. हे कायदे फार दयाळू आहेत असं मी म्हणत नाही. नेतरहाटच्या आदिवासींनी या १९३८ च्या कायद्याखालच्या फायरिंग रेंजविरुद्ध जवळजवळ तीस वर्षं लढा दिला, तेव्हा २०२२ मध्ये तिथली मुदतवाढ थांबली. पण तत्त्व बघा. देशाच्या रक्षणासाठी एखाद्याच्या शेतावर, घरावर, कानावर भार टाकायचा असेल तर त्याला आधी सांगायचं, आणि त्याचा हिशोब ठेवायचा. तोफेला जे लागू, ते विमानाला का नाही?

आता नेहमीचे चार आक्षेप घेते. हे लिहिल्यावर ते येणारच, म्हणून आधीच.

पहिला: हा देशद्रोह आहे. सैनिकांच्या विरोधात बोलताय.

१९४२ सालची अमेरिका घ्या, दुसरं महायुद्ध ऐन भरात. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी नावाच्या माणसाचा कोंबड्यांचा फार्म होता. शेजारचा विमानतळ सैन्याने घेतला. बॉम्बर विमानं त्याच्या जमिनीवरून २५ मीटरवरून जायला लागली. घाबरून भिंतीवर आपटून दीडशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, धंदा बुडाला, घरच्यांची झोप उडाली. कॉस्बी सरकारविरुद्ध कोर्टात गेला. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतक्या खालून आणि इतक्या वारंवार उडणं म्हणजे त्याच्या जमिनीचा वापर सरकारने काढून घेणं आहे, आणि त्याची भरपाई द्यावी लागेल. विमानं थांबवा असं कोर्ट म्हणालं नाही. युद्ध जिंकायचं होतं, ते जिंकलं. पण एका कोंबडीवाल्याच्या खांद्यावर सगळ्या देशाचं ओझं टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण "सार्वजनिक हित" हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकतो. सार्वजनिक हिताची किंमत सार्वजनिक तिजोरीतून जायला हवी. ती मावशीच्या कानातून जात असेल तर तो त्याग नाही, फुकट वसूल केलेला कर आहे.

दुसरा: तळ आधी होता, तुम्ही नंतर येऊन राहिलात.

काही ठिकाणी गाव आधीचं आहे, तळ नंतरचा. पण समजा, घर नंतरच बांधलं. त्याला परवानगी कुणी दिली? बिनशेती कुणी केली? घरपट्टी कोण घेतं? उंची मोजायला माणूस पाठवलात, तेव्हाच एक कागद का नाही दिला, की बाबा रे, इथे रोज एवढा आवाज असेल, खिडक्या जाड बसवा, नाहीतर इथे राहूच नका? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ पासून हेच चालवलंय. प्रत्येक तळाभोवती आवाजाच्या रेषा आखलेला नकाशा तयार करतात आणि स्थानिक प्रशासनाला देतात, म्हणजे शाळा, दवाखाने, वस्ती कुठे नको ते आधीच कळावं. त्या हिशोबात रात्रीच्या प्रत्येक उड्डाणाला १० डेसिबल जादा धरतात, कारण रात्रीचा आवाज जास्त छळतो. आपल्याकडे घर घेणाऱ्याच्या हातात असा नकाशा कोण ठेवतो? प्लॉट विकणारा एजंट रविवारी साइट दाखवतो. त्या दिवशी सहसा उड्डाणं नसतात.

तिसरा: ही गुप्त माहिती आहे.

जो आवाज पाच किलोमीटरवरच्या म्हशीला ऐकू येतो, तो गुप्त कसा? मला विमानाचा वेग नको, शस्त्रं नकोत, कुठे जातंय तेही नको. माझ्या मावशीच्या ओसरीवर किती डेसिबल पडतात, तेवढाच आकडा हवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेची माहिती न देण्याची मुभा आहे, मान्य. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असंही आहे की लोकहित जास्त मोठं असेल तर माहिती देता येते. आणि माहितीतला गुप्त भाग वगळून उरलेला भाग द्यायची सोय कलम १० मध्ये आहे. मी साध्या अर्जाने विचारून बघितलं. तीन कार्यालयं झाली, आणि प्रत्येकाने पुढच्याचं नाव सांगितलं. चौथ्याने परत पहिल्याचं सांगितलं.

चौथा: सराव तर करावाच लागतो.

करावाच लागतो. रात्रीचाही करावा लागतो, कारण युद्ध ऑफिसच्या वेळेत होत नाही. सराव बंद करा असं या लेखात कुठेही नाही. पण सराव करणं आणि सराव कसाही करणं यात फरक आहे. जमिनीवर इंजिन तपासायचं तर ते उघड्यावर गर्जत ठेवायचं, की आवाज शोषणाऱ्या बंदिस्त शेडमध्ये? एका बाजूला मोकळी जमीन किंवा समुद्र असेल आणि वारा साथ देत असेल, तर वळण वस्तीवरून घ्यायचं की तिकडून? आफ्टरबर्नर कुठवर चालू ठेवायचा? यातल्या एकानेही देशाचं रक्षण कमी होत नाही.

जपानचं उदाहरण मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे काय मिळालं आणि काय नाही मिळालं हे दोन्ही दिसतं. ओकिनावा बेटावर कादेना इथे अमेरिकेचा मोठा हवाई तळ आहे. कादेना गावाची ८२ टक्के जमीन तळाखाली गेलीय. तिथल्या लोकांनी १९८२ मध्ये पहिला दावा लावला. तिसऱ्या दाव्यात २२ हजारांहून जास्त रहिवासी होते, आणि २०१७ मध्ये कोर्टाने त्यांना सुमारे ३० अब्ज येन भरपाई मंजूर केली. वरच्या कोर्टाने २०१९ मध्ये ती थोडी कमी केली. जपानमध्ये १९७४ च्या कायद्याने तळाजवळच्या घरांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या-दारांसाठी सरकार पैसे देतं. हे मिळालं. पण रात्री १० ते सकाळी ६ उड्डाणं टाळायचा १९९६ चा करार आहे, त्यात "गरज असेल तर" अशी फट ठेवली, आणि त्या फटीतून विमानं जातच राहिली. उड्डाणं थांबवा असं म्हटलं की कोर्ट हात वर करतं. आत्सुगी तळावर जपानच्या स्वतःच्या सैन्याची रात्रीची उड्डाणं खालच्या कोर्टाने २०१४ मध्ये थांबवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो आदेश रद्द केला.

यातून मी काय शिकले? "विमानं बंद करा" या मागणीवर सरकार आणि कोर्ट दोघंही दार लावून घेतात. "मोजा, सांगा, भरून द्या" या मागणीवर दार किलकिलं होतं. आपली मागणी तीच असली पाहिजे, आणि त्यातही पहिला शब्द "मोजा".

कारण मोजल्याशिवाय आपल्या देशातला कायदाही आपल्या कामाचा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला मर्यादा घातली, दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. शाळा-दवाखान्यांजवळच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. जास्त वर्दळीच्या नागरी विमानतळांसाठी २०१८ मध्ये वेगळे आकडे आले, दिवसा ७० आणि रात्री ६५. आणि नको असलेल्या आवाजापासून मुक्त राहणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय. गणपतीच्या मंडळाला या आकड्यांवरून पोलीस नोटीस काढतात, लग्नातला डीजे दहाला बंद होतो. म्हणजे मोजायचं यंत्र आहे, मोजणारा माणूस आहे, कायदा आहे. यंत्राचं तोंड फक्त आकाशाकडे होत नाही.

मोजतानाही डोळे उघडे ठेवा, कारण सरासरी फसवते. एक हिशोब बघा. दिवसात दहा वेळा विमान गेलं, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट १०० डेसिबल. म्हणजे एकूण पाच मिनिटं. हे सकाळी ६ ते रात्री १० या ९६० मिनिटांत वाटलं तर दिवसाची सरासरी ७७ च्या आसपास येते. तीसुद्धा ५५ पेक्षा खूप वर आहे, कारण दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. पण मुद्दा असा की त्या घरात ७७ कुणीच ऐकला नाही. बाळाने १०० ऐकला, दहा वेळा. म्हणून सरासरीही हवी, आणि प्रत्येक उड्डाणाचा सर्वांत मोठा आकडाही हवा.

आणि संगणकावरचा अंदाज नको, प्रत्यक्ष मोजणी हवी. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर नौदलाची ग्राउलर विमानं सराव करतात. तिथले लोक वर्षानुवर्षं म्हणत होते की तुमचा संगणक सांगतो ते आमच्या कानांना पटत नाही. शेवटी २०१९ च्या अखेरीस अमेरिकेच्या संसदेने कायद्यातच लिहिलं की नौदलाने दोन तळांवर प्रत्यक्ष मोजणी करावी. २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने उड्डाणं वाढवण्याच्या निर्णयात नौदलाच्या चुका काढल्या. त्यातली एक ही होती की वर्गात शिकणाऱ्या मुलांवर काय परिणाम होतो, ते नीट तपासलं नाही. जगातल्या सर्वांत ताकदवान नौदलाला कोर्ट शाळेतल्या मुलांबद्दल विचारू शकतं. आणि आपल्याकडे ग्रामसभेत हा विषय काढला तर म्हणतात, बाई, खाली बसा.

तर आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक लष्करी धावपट्टीभोवतीच्या गावांत, शाळेच्या गच्चीवर आणि दवाखान्यावर वर्षभर आवाज मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. त्यावरून नकाशा करा आणि बांधकाम परवानगीच्या कागदाला जोडा. नेहमीच्या सरावाच्या वेळा, विशेषतः रात्रीच्या, आठवडाभर आधी कळवा. अचानक उठावं लागलं तर कुणी जाब विचारणार नाही. दहावी-बारावीच्या पेपरच्या तीन तासांत वस्तीवरचा सराव टाळा. आवाज ज्या शाळांवर जास्त आहे तिथे आधी जाड खिडक्या बसवा, खर्च संरक्षणाच्या पैशातून करा. आणि तक्रारीसाठी एक फोन नंबर द्या, जो उचलला जातो.

यातली एकही गोष्ट शत्रूच्या कामाची नाही.

मित्रमैत्रिणींनो, हे आपोआप होणार नाही. म्हणून तुमचं गाव विमानांच्या वाटेखाली असेल तर एक वही घ्या. महिनाभर लिहा: तारीख, वेळ, किती विमानं, किती सेकंद, त्या वेळी घरात काय चाललं होतं. फोटो काढू नका, व्हिडिओ काढू नका, विमानाचा प्रकारही लिहू नका. तळाची कुठलीही माहिती आपल्याला नको, फक्त आपल्या घराची हवी. शाळेतल्या बाईंना विचारा, दिवसातून किती वेळा शिकवणं थांबतं. आशाताईंना विचारा, किती म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं. मग दहा घरांच्या वह्या एकत्र करा आणि ग्रामसभेत ठरावासोबत ठेवा. एका घराची तक्रार फेकून देता येते. दहा वह्यांत एकाच मिनिटाला एकच नोंद असेल तर ती फेकणं अवघड जातं.

मावशीच्या घरची वही मी मार्चमध्ये सुरू करून दिली. आता मावसभाऊ लिहितो. परवा त्याने फोन केला, म्हणाला, "ताई, आजोबांना सांग, झेंडा अजून कुणी लावला नाही, पण बाराव्या पानावर आलो."